उद्योगाची वाट दाखविणारे ग्रंथ

तळेगाव दाभाडे ओलांडून इंद्रायणीच्या दिशेने निघाले, की थोड्याच अंतरावर मावळ तालुक्यातील वराळे हे गाव लागते. हा सारा परिसर मूळचा भातशेतीचा. जवळच्या वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेल्या ‘इंद्रायणी’ या सुवासिक वाणाने मावळाचे नाव घरोघरी पोहोचविले. मात्र गेल्या काही दशकांत या भूभागाचे रूप झपाट्याने पालटले आहे. तळेगाव परिसरात औद्योगिक क्षेत्र आले, पुष्पोत्पादनासाठी स्वतंत्र उद्यान उभे राहिले, द्रुतगती मार्ग झाला, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि गृहसंकुले आली. पिढ्यान्‌पिढ्या खाचरात राबलेल्या कुटुंबांतील तरुणांपुढे आता नोकरी, ठेकेदारी, दुकान, वाहतूक, लहान कारखाना असे अनेक मार्ग आहेत. काहींच्या हाती जमिनीच्या मोबदल्याची रक्कमही आली आहे. ही रक्कम एकदाच येते. ती वाहनात, बांधकामात आणि लग्नसमारंभात खर्ची पडते, की तिच्यातून एखादा टिकाऊ व्यवसाय उभा राहतो, यावर त्या घराचे पुढील भवितव्य अवलंबून असते.

अशा तरुणाने गावच्या वाचनालयात येऊन धंद्याविषयी एखादे पुस्तक मागितले, तर त्याच्या हाती काय द्यावे? शिक्षक, ग्रंथपाल आणि पंचायत सदस्य यांना हा प्रश्न आज ना उद्या पडणारच आहे. महाराष्ट्रात गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेक लेखकांनी आणि नियतकालिकांनी मराठी माणसाला उद्योगाकडे वळविण्याचा प्रयत्न केला. त्यांपैकी कोणत्या लेखनाने प्रत्यक्ष कारखाने उभे राहिले आणि कोणते केवळ वाचून बाजूला पडले, हे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट होते. त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. वराळ्याच्या शेजारच्या तळेगावातच त्याचा पहिला धडा सापडतो.

एका पैशाचा कारखाना

विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांनी एक कल्पना मांडली. देशी उद्योगांसाठी धनिकांपुढे हात पसरण्याऐवजी प्रत्येक माणसाने वर्षाला केवळ एक पैसा द्यावा, आणि त्या निधीतून उद्योगशिक्षणाची सोय करावी, अशी ती कल्पना होती. तिचे नाव ‘पैसा फंड’. त्या काळी एका रुपयाचे चौसष्ट पैसे होत. म्हणजे एक रुपया जमविण्यासाठी चौसष्ट माणसांना भेटावे लागे आणि हजार रुपयांसाठी चौसष्ट हजारांना. हे गणित ऐकूनच कोणीही हिंमत सोडली असती. काळे यांनी ती सोडली नाही. ते गावोगाव हिंडत राहिले. लोकमान्य टिळकांनी आणि ‘केसरी’ने या योजनेचा पुरस्कार केला. वृत्तपत्रातील लेखाने वाचकाला पटवावे आणि पेटी घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याने दारात उभे राहून पैसा मागावा, अशी ही जोडी होती. शब्द आणि वर्गणी यांचा असा मेळ आपल्याकडे क्वचितच जमला आहे.

या निधीतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिका येथे शिक्षण घेऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या तांत्रिक ज्ञानाचा त्याला आधार मिळाला. या ठिकाणी काचेच्या धंद्याचे स्वरूप थोडक्यात समजून घेणे उपयुक्त ठरेल. काच ही मुख्यतः वाळू, सोडा आणि चुना यांपासून होते. नुसती वाळू वितळविण्यास अतिशय प्रखर उष्णता लागते. सोड्यामुळे ती कमी तापमानाला वितळते आणि चुन्यामुळे तयार झालेली काच पाण्याने विरघळत नाही. एवढे ज्ञान कोणत्याही पुस्तकात मिळेल. परंतु भट्टीतील मुशीला तडा का गेला, रस नळीवर किती घ्यावा, फुंकर कधी मारावी आणि तयार वस्तू किती सावकाश थंड करावी, या गोष्टी भट्टीजवळ उभे राहिल्यावाचून कळत नाहीत. वस्तू घाईने थंड केली, की तिच्या आतला ताण तसाच राहतो आणि ती पुढे केव्हातरी आपोआप तडकते. पुस्तकातील वाक्य बरोबर असूनही माल फुटतो, तो येथे.

तळेगावच्या कारखान्याचे वैशिष्ट्य असे, की माल विकून नफा मिळविण्यापुरता तो मर्यादित नव्हता. काचकामाचे शिक्षण देणे हा त्याचा मूळ हेतू होता. येथे तयार झालेले कारागीर आणि तंत्रज्ञ देशात इतरत्र गेले आणि त्यामुळे भारतीय काचउद्योगाच्या इतिहासात या कारखान्याला शाळेचे स्थान मिळाले. त्याच सुमारास तळेगावात दुसराही एक प्रयोग चालू होता. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेले समर्थ विद्यालय तळेगाव येथे आले होते. विजापूरकर हे ‘ग्रंथमाला’ या मासिकाचे संपादक. ज्ञान मराठीतून मिळावे आणि मुलांनी हातानेही काम करावे, असा राष्ट्रीय शिक्षणाचा त्यांचा आग्रह होता. ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये हे विद्यालय बंद पाडले. एकाच गावात मराठी ग्रंथांचा संपादक शाळा चालवीत आहे आणि पैशापैशाने उभारलेली भट्टी पेटलेली आहे, हे चित्र मावळातील शाळांच्या स्थानिक इतिहासात जितके ठळकपणे यावयास हवे, तितके ते येत नाही.

लोकहितवादी, फुले आणि रानडे

पैसा फंडाची कल्पना एकाएकी सुचलेली नव्हती. तिची भूमी अर्धशतकाहून अधिक काळ नांगरली जात होती. गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांनी १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रे लिहिली. नोकरीवर आणि दक्षिणेवर विसंबणाऱ्या समाजाला त्यांनी व्यापार, कारागिरी आणि देशी मालाचा वापर यांची आठवण करून दिली. १८४९ मध्ये त्यांनी ‘लक्ष्मीज्ञान’ हे अर्थशास्त्रावरील मराठी पुस्तक इंग्रजी ग्रंथाच्या आधारे सिद्ध केले. संपत्ती कशी निर्माण होते, हा विषय मराठीत मांडण्याचा तो अगदी आरंभीचा प्रयत्न होय. ज्या काळी मराठी गद्यच बाल्यावस्थेत होते, त्या काळी हे धाडस केले गेले, हे विसरता येत नाही.

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव उद्योगाच्या संदर्भात सहसा घेतले जात नाही. वास्तविक ते स्वतः ठेकेदार आणि व्यापारी होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचा संबंध होता आणि पुणे परिसरातील सार्वजनिक बांधकामाची कामे त्यांनी केली. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन तर आहेच; पण पाणी आणि माती अडविण्यासाठी बांधबंदिस्ती, जनावरांची सुधारणा, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण, प्रदर्शने आणि बक्षिसे असे उपायही त्यात सांगितले आहेत. स्वतः कामाचा हिशेब ठेवलेल्या माणसाचे लेखन कसे असते, याचा हा नमुना आहे. त्यात तक्रार आहे, तसा तपशीलही आहे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७० नंतरच्या दशकात पुण्यात व्यापारविषयक व्याख्याने मराठीतून दिली. त्याच काळात सार्वजनिक काका म्हणून ओळखले जाणारे गणेश वासुदेव जोशी देशी कापडाचा प्रचार करीत होते. १८७७ च्या दिल्ली दरबारास ते हातकताईच्या वस्त्रात उपस्थित राहिले. रानडे यांच्या पुढाकाराने १८९० पासून पुण्यात औद्योगिक परिषदा भरू लागल्या आणि १८९८ मध्ये त्यांचे भारतीय अर्थशास्त्रावरील निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे १९०४ मध्ये बंगालमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांनी ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगाली भाषेत लिहिले. परकीय सत्तेखाली देशातील उद्योग कसे बुडाले, याचा त्यात मांडलेला ताळेबंद स्वदेशी चळवळीतील तरुणांनी इतक्या आवडीने वाचला, की १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली.

या सर्व ग्रंथांनी उद्योग का करावा, हे सांगितले. तो कसा करावा, हे त्यांतून फारसे कळत नव्हते. स्वदेशीच्या भरात निघालेल्या कितीतरी मंडळ्या आणि कारखाने पुढे बंद पडले, त्याचे एक कारण हेच. उत्साह भरपूर, भांडवल थोडे आणि तंत्राची माहिती त्याहून थोडी, अशी त्यांची अवस्था होती.

सूचीपत्रांतून शिकलेला कारखानदार

‘कसे करावे’ या प्रश्नाचे उत्तर शोधणारा माणूस म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्याकडे पाहावे लागते. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंगांची ओळख पटण्यात डोळ्यांचा दोष आड आला, तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटनाकडे मोर्चा वळविला आणि मुंबईच्या तांत्रिक संस्थेत ते शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडून बेळगावची वाट धरली. तेथे भावासह सायकली विकणे आणि दुरुस्त करणे हा त्यांचा पहिला धंदा.

लक्ष्मणरावांची ग्रंथसंपदा कोणत्याही साहित्यसंमेलनात मिरविण्याजोगी नव्हती. परदेशी यंत्रांची सूचीपत्रे आणि अमेरिकेतून येणारी यंत्रविषयक नियतकालिके, हे त्यांचे वाचन. चित्र पाहावे, भाग ओळखावा, तो कशासाठी आहे याचा विचार करावा आणि आपल्याकडे मिळणाऱ्या सामानातून करून पाहावा, अशी त्यांची पद्धत होती. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर या त्यांच्या सुरुवातीच्या वस्तू. लोखंडाने जमीन बिघडते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिले सहा नांगर विकण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. ही दोन वर्षे महत्त्वाची आहेत. यशाची कथा सांगताना ती एका वाक्यात संपतात. ज्याला ती काढावी लागतात, त्याच्या घरात ती फार लांब असतात.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले आणि १९१० मध्ये निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पुढे त्याच संस्थानाच्या आश्रयाने कराडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना उभा राहिला आणि तेथील ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत पोहोचला. तेव्हा वाचन, प्रयोग आणि त्यामागे उभी राहणारी एखादी सत्ता किंवा संस्था या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावरच कारखाना टिकला, हे येथेही दिसते. तळेगावात तो आधार चौसष्ट जणांच्या एकेका पैशाने दिला. औंधात तो राजाने दिला.

किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे पत्रक होते. काही वर्षांतच ते मराठीतील एक प्रमुख मासिक झाले, आणि त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके आली. नांगर विकणाऱ्या कारखान्याने मासिक काढावे आणि ते मासिक घराघरांत वाचले जावे, ही घटना मराठी समाजाविषयी बरेच काही सांगते. नागपूरहून निघणाऱ्या ‘उद्यम’ मासिकाने याच काळात वेगळी कामगिरी बजावली. साबण, शाई यांसारखे घरगुती धंदे, फळबाग, दुरुस्तीची कामे यांविषयीची व्यावहारिक माहिती त्याने साध्या मराठीत दिली. साहित्याच्या इतिहासात अशा मासिकाला दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी दहा बाय दहाच्या खोलीत धंदा मांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने कादंबरीपेक्षा त्याच अंकाचे मोल अधिक होते.

एक जपानी वाचक

असाच अनुभव इतर देशांतही आला आहे. सॅम्युएल स्माइल्स या लेखकाचे ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक इंग्लंडमध्ये १८५९ साली प्रसिद्ध झाले. नाकामुरा मासानाओ यांनी १८७१ मध्ये त्याचे जपानी भाषांतर केले आणि तेथील तरुण पिढीने ते डोक्यावर घेतले. सुताराचा मुलगा साकिची टोयोडा हा त्या पुस्तकाचा एक वाचक. त्याने हातमागात सुधारणा करून १८९१ मध्ये पहिले स्वामित्वहक्कपत्र मिळविले. त्याच्या मागांच्या धंद्यातूनच पुढे मोटारींचा कारखाना निघाला. त्याच्या जन्मगावच्या स्मारकात या पुस्तकाची प्रत जपून ठेवली आहे. स्माइल्सच्या पुस्तकात यंत्रकार आणि शोधक यांच्या कष्टांच्या हकिकती आहेत; ते वाचणाऱ्या टोयोडाच्या हाताशी वडिलांची सुतारी हत्यारे होती आणि गावातील घरांत माग चालत होते. हत्यारे नसती, तर पुस्तकाने त्याला कितपत तारले असते, हा प्रश्नच आहे.

आजची पुस्तके

आज मराठी ग्रंथविक्रेत्यांकडे उद्योगविषयक पुस्तकांची वाण नाही. विठ्ठल कामत यांचे ‘इडली, ऑर्किड आणि मी’ हे आत्मकथन महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर वाचले गेले. उपाहारगृहाच्या गल्ल्यापासून मुंबईतील पंचतारांकित हॉटेलापर्यंतचा प्रवास आणि त्या वाटेवरील कर्जाचे, निराशेचे दिवस यांत आले आहेत. शंतनुराव किर्लोस्कर यांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ हे आत्मचरित्र शीर्षकातच काट्यांना पहिली जागा देते. अशा पुस्तकांचा लाभ असा, की मराठी माणूस धंदा करू शकत नाही ही सबब ती काढून घेतात.

दुसऱ्या बाजूस श्रीमंत होण्याची सूत्रे सांगणारी अनुवादित पुस्तके आहेत. त्यांची मांडणी आकर्षक असते आणि खपही मोठा असतो. त्यांपैकी काहींतून बचत, कर्ज आणि मालमत्ता यांविषयी विचार करण्याची सवय लागते, हे मान्य करावयास हवे. पण मालाचा भाव कसा ठरवावा, उधारी किती दिवसांची द्यावी, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र केव्हा भरावे, हे त्यांत सापडत नाही. ती वाचून वाचकाला आपण निम्मे काम केले असे वाटू लागते, हा त्यांचा मोठा धोका होय. जमिनीचा मोबदला नुकताच हाती आलेल्या घरात असे पुस्तक एकटेच गेले, तर ते उपकारक ठरेलच असे नाही.

पुस्तकावाचूनही मोठा उद्योग उभा राहतो, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच ‘लिज्जत’ पापडाचा प्रारंभ. त्यांच्यापुढे कोणाचे आत्मचरित्र नव्हते. मात्र पीठ किती दिले, पापड किती आले, मजुरी किती झाली, हे लिहिणारी वही होती. उद्योगाला अत्यावश्यक असे एकच पुस्तक निवडावयाचे झाले, तर ती ही वही होय. मावळातील महिला बचत गटांकडे ती आज आहे आणि तिच्यातील नोंदी अनेक पदवीधरांच्या टिपणांपेक्षा नेटक्या असतात.

वाचनालयाचे कपाट

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ अन्वये राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड अशा वर्गवारीनुसार अनुदान दिले जाते. ग्रंथखरेदीची यादी करताना कथा, कादंबऱ्या आणि धार्मिक ग्रंथ यांकडे स्वाभाविकपणे अधिक लक्ष जाते. उद्योगाच्या विभागात चार चरित्रे असतात आणि ती वाचून झाल्यावर वाचकाला पुढे देण्यासारखे काही नसते. हे कपाट भरणे फारसे खर्चाचे नाही. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र ही १९८८ मध्ये स्थापन झालेली संस्था उद्योजकतेचे प्रशिक्षण देते आणि तिचे ‘उद्योजक’ हे मासिक मराठीत निघते. मराठी विश्वकोशात काच, साबण, रंग, कागद अशा अनेक उद्योगांवर शास्त्रशुद्ध नोंदी असून त्या आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. शाळेतील एका संगणकावरून त्यांची प्रत काढून वाचनालयात बांधून ठेवणे कोणाही शिक्षकाला शक्य आहे. हिशेबलेखनाची शालेय व महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची व्यवसायनिहाय पुस्तके वर्ष संपल्यावर विद्यार्थ्यांकडून दान मिळू शकतात. यंत्रविक्रेते आपली सूचीपत्रे मागितली असता आनंदाने देतात. लक्ष्मणरावांनी ज्यांच्यासाठी परदेशी पत्रव्यवहार केला, ती सूचीपत्रे आज तळेगाव आणि चाकणच्या कारखान्यांच्या दारात मिळतात.

याहूनही उपयुक्त ठरेल असा एक ग्रंथ कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो म्हणजे प्रकल्प अहवाल. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि राज्य शासनाचा २०१९ पासूनचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्हींत जिल्हा उद्योग केंद्राकडे अर्ज करताना तो जोडावा लागतो, आणि बँकही प्रथम तोच पाहते. यंत्राची किंमत, कच्चा माल, विजेचा भार, मजुरी, खेळते भांडवल, विक्रीचा अंदाज आणि कर्जाचा हप्ता असे त्याचे सामान्यतः भाग असतात. बहुतेक अर्जदार तो दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहवून घेतात आणि स्वतः वाचतही नाहीत. मुलाखतीत खेळते भांडवल किती महिन्यांचे धरले, असे विचारले असता त्यांना उत्तर देता येत नाही. प्रकरण परत जाते आणि दोष योजनेला दिला जातो.

गावातील ज्या व्यावसायिकांचे कर्ज मंजूर होऊन धंदा चालू आहे, त्यांच्याकडून संमतीने जुने अहवाल मिळवावेत, नाव आणि खाते क्रमांक झाकून त्यांच्या प्रती वाचनालयात ठेवाव्यात आणि महिन्यातून एखाद्या सायंकाळी त्या व्यावसायिकालाच बोलावून अहवालातील अंदाज कोठे चुकला, हे विचारावे. पीठगिरणी, भात सडण्याची गिरणी, फुलांची पेटीबंद वाहतूक, सुट्या भागांचे लेथकाम असे चार-पाच अहवाल वराळ्यासारख्या गावात जमविणे अवघड नाही. ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय ठेवण्यास कोणत्याही वरिष्ठ कार्यालयाच्या मंजुरीची आवश्यकता नाही. लागते ते एक कपाट, एक नोंदवही आणि संध्याकाळी सहानंतर वाचनालय उघडे ठेवणारा माणूस.